दोन पडदे आणि एक अवधान

जुन्या पेढीवरील कारकून संध्याकाळी रोजकीर्दीतील नोंदी खतावणीत चढवावयास बसे, तेव्हा त्याच्यापुढे दोन्ही वह्या उघड्या असत. डावीकडे दिवसभराच्या व्यवहारांची क्रमवार नोंद. उजवीकडे एकेका असामीच्या खात्याचे पान. एक वही मिटून दुसरी उघडावयाची, आकडा लिहावयाचा, मग ती मिटून पुन्हा पहिली उघडावयाची, अशा रीतीने काम करणारा कारकून कोणत्याही पेढीवर चार दिवसांहून अधिक टिकला नसता. त्याच्या कामाला वेळ लागला असता हे तर खरेच; पण त्याहून वाईट म्हणजे वही मिटण्या-उघडण्याच्या दरम्यान आकडे इकडचे तिकडे झाले असते.

संगणकावर काम करणारा मनुष्य मात्र अनेक वर्षे नेमके हेच करीत आला. पडदा एक, त्यावर नीट मावणारे पान एक. दुसरे पान पाहावयाचे तर पहिले झाकले जावयाचे. या अडचणीवर उपाय म्हणून एकाच संगणकाला दोन, क्वचित तीन किंवा चार पडदे जोडण्याची पद्धत पुढे रूढ झाली. पडदा म्हणजे व्यवहारात ज्यास मॉनिटर म्हणतात ती वस्तू. एकाऐवजी दोन पडदे घेतल्याने काम अधिक होते काय, आणि होत असल्यास ते कशामुळे? यांपैकी दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. सर्वसाधारण समजूत अशी की, दोन पडद्यांमुळे मनुष्य एकाच वेळी दोन कामे करू शकतो. ही समजूत चुकीची आहे. तरीही दुसरा पडदा उपयोगी पडतो. मात्र तो कोणत्या कारणाने उपयोगी पडतो हे ध्यानात न घेता तो वापरला, तर तोच कामाचा घातही करू शकतो.

अनेक ग्रंथ एकाच वेळी उघडे ठेवण्याची इच्छा फार जुनी आहे. आगोस्तीनो रामेल्ली या इटालियन अभियंत्याने १५८८ मध्ये यंत्रांच्या चित्रांचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एका ग्रंथचक्राचे चित्र आहे. पाणचक्कीसारखे उभे चाक, त्याच्या परिघावर तिरप्या फळ्या, आणि प्रत्येक फळीवर एक उघडा ग्रंथ. वाचकाने बसल्या जागी चाक फिरविले की हवा तो ग्रंथ समोर यावा आणि चाक फिरताना कोणताही ग्रंथ घसरून पडू नये, म्हणून आत दातेरी चाकांची कुशल योजना केलेली आहे. रामेल्लीच्या चक्रात एक उणीव मात्र होती: समोर एका वेळी एकच ग्रंथ येई. पुढे १९४५ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ व्हॅनिव्हार बुश याने ‘मेमेक्स’ नावाच्या एका काल्पनिक मेजाचे वर्णन केले. सूक्ष्मचित्रफितींवर साठविलेली पुस्तके व टिपणे त्या मेजावरील तिरप्या, अर्धपारदर्शक पडद्यांवर उमटावीत, आणि ज्या दोन टिपणांचा परस्परसंबंध जोडावयाचा ती शेजारी-शेजारी दिसावीत, अशी त्याची योजना होती. मेमेक्स कधीच बनले नाही. परंतु तुलना करण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी डोळ्यांपुढे असाव्या लागतात, हे बुशने संगणकाच्या बाल्यावस्थेतच ओळखले होते.

प्रत्यक्ष संगणकावर दोन पडद्यांची सोय हळूहळू आली. १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकात दोन निरनिराळी चित्रपत्रे बसविता येत: एक केवळ अक्षरांसाठी, दुसरे रंगीत आकृत्यांसाठी. दोघांच्या स्मृतीचे पत्ते वेगळे असल्यामुळे ती एकमेकांच्या वाटेत येत नसत, आणि मग एका पडद्यावर आकड्यांचा तक्ता व दुसऱ्यावर त्याचा आलेख पाहता येई. १९८७ चा मॅकिंटॉश-२ आणि १९९८ ची विंडोज प्रणाली यांनी ही सोय सामान्य ग्राहकापर्यंत आणली. तरीही काचेच्या नळीचा मोठा पडदा वीस किलोहून जड असे आणि अर्धे मेज अडवी. तेव्हा दोन पडदे ठेवणे हा काही विशिष्ट धंद्यांचाच विशेष राहिला. मुंबईच्या शेअर बाजारात १९९५ मध्ये संगणकीय व्यवहार सुरू होऊन तोंडी बोलीची जुनी रीत मागे पडली. त्यानंतर दलालांच्या कचेऱ्यांत पडद्यांच्या रांगा दिसू लागल्या. सपाट पडदे स्वस्त झाल्यावर मात्र त्यांचा प्रसार झपाट्याने झाला.

संगणकाच्या दृष्टीने दुसरा पडदा ही फार मोठी गोष्ट नव्हे. पडद्यावरील चित्र म्हणजे ठिपक्यांची जाळी. आडव्या ओळीत १,९२० आणि उभ्या ओळीत १,०८० असे ठिपके असतील, तर त्यांची एकूण संख्या २०,७३,६०० होते. त्या प्रत्येकाचा रंग संगणकाच्या स्मृतीत नोंदलेला असतो आणि सेकंदास साधारणतः ६० वेळा तो पडद्याकडे पाठविला जातो. म्हणजे सेकंदास सुमारे साडेबारा कोटी ठिपके. दोन पडद्यांसाठी हे काम दुप्पट होते, इतकेच. पहिल्या पडद्यावरील उभ्या ओळींना ० ते १,९१९ असे क्रमांक दिले, तर त्याच्या उजवीकडील पडद्याच्या ओळी १,९२० पासून पुढे मोजावयाच्या. यंत्राच्या हिशेबी ते एकच लांबलचक मैदान असते. अडचण यंत्राची नाही. ती मनुष्याच्या डोळ्याची व मनाची आहे.

डोळा किती पाहतो?

दोन्ही डोळ्यांनी मिळून मनुष्याला आडव्या दिशेत सुमारे २०० अंशांचा प्रदेश दिसतो. यावरून असा भास होतो की, समोरचे सर्व दृश्य त्याला एकसारखे स्पष्ट दिसत आहे. वस्तुतः डोळ्याच्या आतील दृष्टिपटलावर गर्तिका नावाची एक लहानशी खळगी आहे, आणि बारीक अक्षरे ओळखण्याइतकी स्पष्ट दृष्टी केवळ तिच्या ठिकाणी असते. हा स्पष्ट प्रदेश एक-दोन अंशांचाच, म्हणजे हात पुढे ताणून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढा आहे. पडदा ६० सेंटिमीटर अंतरावर असेल, तर दोन अंशांत त्याचा केवळ दोन सेंटिमीटर रुंदीचा तुकडा येतो. नजरेच्या केंद्रापासून दहा अंश बाजूला सरले की दृष्टीची सूक्ष्मता पाचव्या हिश्श्याच्या आसपास उतरते. याची प्रचीती घेणे सोपे आहे. या पानावरील एखाद्या शब्दावर नजर खिळवून ठेवावी आणि नजर न हलविता तीन बोटे पलीकडचा शब्द वाचण्याचा यत्न करावा. तो वाचता येत नाही.

एवढ्याशा झरोक्यातून मनुष्य सारे जग पाहतो तो डोळे सतत हलवून. वाचताना नजर ओळीवरून सरकत जात नाही. ती झेपा घेत जाते. सेकंदास साधारण तीन झेपा, आणि दोन झेपांच्या मध्ये क्षणभर स्थिरता. झेपेच्या काळात डोळ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. आरशासमोर उभे राहून प्रथम स्वतःच्या डाव्या व मग उजव्या डोळ्याकडे पाहावे. स्वतःचे डोळे हलताना कधीच दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्पष्ट दिसतात.

तेव्हा दोन पडदे असोत की दहा, कोणत्याही क्षणी वाचला जातो तो दोन सेंटिमीटरांचा एक तुकडाच. मग अधिक पडद्यांचा लाभ कोठून होतो?

याचे उत्तर अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात डॅना बॅलर्ड, मेरी हेहो व जेफ पेल्झ यांनी केलेल्या एका प्रयोगातून मिळते. हा प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका पडद्यावर रंगीत ठोकळ्यांची एक नमुना-आकृती दाखविली होती. बाजूला सुट्या ठोकळ्यांचा साठा होता. आणि तिसऱ्या जागी तशीच आकृती जुळवावयाची होती. ठोकळे अवघे आठ. एवढी आकृती कोणीही एक-दोनदा पाहून लक्षात ठेवील, असे वाटेल. परंतु प्रयोगातील माणसांच्या नजरेचा मागोवा घेतला तेव्हा निराळेच आढळले. बहुधा प्रत्येक ठोकळ्यासाठी ती माणसे नमुन्याकडे दोनदा पाहत: एकदा कोणत्या रंगाचा ठोकळा उचलावयाचा हे जाणण्यासाठी, आणि तो उचलल्यावर पुन्हा, तो कोठे ठेवावयाचा हे जाणण्यासाठी. रंग आणि जागा ही जोडगोळीसुद्धा मनात एकत्र वाहून नेण्याची तसदी कोणी घेत नव्हते. स्मरण करण्यापेक्षा पुन्हा पाहणे त्यांना स्वस्त पडत होते.

याच प्रयोगाचा पुढचा भाग तितकाच बोधक आहे. नमुना आणि जुळणीची जागा यांच्यातील अंतर वाढवून ते ७० अंशांपर्यंत नेले, म्हणजे नमुना पाहण्यासाठी डोळ्यांबरोबर मानही वळवावी लागू लागली, तेव्हा माणसांनी आपली रीत बदलली. ती नमुन्याकडे कमी वेळा पाहू लागली आणि स्मृतीवर अधिक भार टाकू लागली. पाहणे महाग होताच स्मरण पुढे सरसावले. हा सौदा कोणी विचारपूर्वक केला नव्हता; तो मनाने परस्पर केला होता.

स्मृतीवर भार टाकणे हे निर्धोक नाही. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये असे दाखवून दिले की, तात्कालिक स्मृतीत एका वेळी सातच्या आसपास घटक मावतात. २००१ मध्ये नेल्सन कोवन याने पुराव्याची पुन्हा छाननी करून ही मर्यादा चारच्या आसपास आणली. एका खिडकीत आठ अंकी खातेक्रमांक वाचावयाचा, ती झाकून दुसरी उघडावयाची आणि तेथे तो लिहावयाचा, यात क्रमांकाचे तुकडे मनात धरून ठेवावे लागतात. शिवाय खिडकी बदलण्याची कृती स्वतःच थोडी जागा अडविते. दोन्ही पाने शेजारी उघडी असतील तर हा भार राहत नाही. नजर एक झेप घेते आणि आकडा जेथे होता तेथेच सापडतो. पेढीवरील कारकुनाच्या दोन उघड्या वह्यांचे मर्म हेच होते. दुसरा पडदा स्मृतीला साहाय्य करतो. अवधान तो दुप्पट करीत नाही; तसे करणारे कोणतेही साधन अद्याप निघालेले नाही.

दोन कामे, एक मन

‘मल्टिटास्किंग’ हा शब्द मनुष्यासाठी निर्माण झालेलाच नव्हता. तो संगणकशास्त्रातून आला. १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत फर्नांडो कोर्बातो याने असा संगणक चालवून दाखविला की, जो अनेक माणसांची कामे जणू एकाच वेळी करी. वास्तविक त्याचा संस्कारक एकच होता. तो क्षणभर एकाचे काम करी, ते बाजूला ठेवी, मग दुसऱ्याचे हाती घेई. आणि हे इतक्या वेगाने चाले की प्रत्येकाला आपल्यापुढे स्वतंत्र यंत्र असल्याचा भास होई. यातही प्रत्येक अदलाबदलीची किंमत होती, कारण अर्धवट कामाची स्थिती जपून ठेवणे व नव्याची स्थिती पुन्हा मांडणे यात वेळ जाई. ज्या यंत्राच्या उदाहरणावरून मनुष्याला एकाच वेळी अनेक कामे करण्याची हौस लागली, त्या यंत्रालाही ते खऱ्या अर्थाने साधलेले नव्हते, ही मौजेची गोष्ट आहे.

मनुष्याच्या बाबतीत ही किंमत मोजण्याचे काम त्याहीपूर्वी झाले होते. आर्थर जर्सिल्ड याने १९२७ मध्ये विद्यार्थ्यांना आकड्यांच्या याद्या दिल्या. एका यादीत प्रत्येक संख्येत ३ मिळवावयाचे, दुसरीत प्रत्येकीतून ३ वजा करावयाचे, आणि तिसरीत एकाआड एक मिळवणी व वजाबाकी करावयाची. तिसऱ्या प्रकाराला पहिल्या दोहोंपेक्षा पुष्कळच अधिक वेळ लागला. गणित तेवढेच, संख्या तेवढ्याच; वाढला तो केवळ काम बदलण्याचा खर्च. तथापि यादीत एक संख्या आणि एक शब्द असे आळीपाळीने देऊन, संख्येत ३ मिळवावयास व शब्दाचा विरुद्धार्थी शब्द सांगावयास लावले, तेव्हा असा खर्च आढळला नाही. कारण समोरची वस्तूच काय करावयाचे ते सांगत होती. ते मनात धरून ठेवावे लागत नव्हते. पुढे १९९५ मध्ये रॉजर्स व मॉन्सेल यांनी असे दाखविले की, एरवी काम कधी बदलणार हे आधी ठाऊक असले आणि तयारीस अवधी मिळाला तरी हा खर्च कमी होतो, पण शून्यावर येत नाही.

आणखी एक प्रयोग येथे सांगणे अवश्य आहे. उल्रिक नाइसर व रॉबर्ट बेक्लेन यांनी १९७५ मध्ये दोन चलच्चित्रे एकाच पडद्यावर एकमेकांवर टाकली. एकात दोन व्यक्तींचा हातावर टाळ्या देण्याचा खेळ चालला होता, दुसऱ्यात चेंडूचा. प्रेक्षकांना सांगितलेल्या एका खेळावर लक्ष ठेवणे सहज जमे, आणि दुसऱ्या खेळातील विचित्र घटनाही बहुधा त्यांच्या नजरेतून निसटत. दोन्ही खेळांवर एकदम लक्ष ठेवणे मात्र जवळजवळ अशक्य ठरले. येथे डोळ्यांना हलण्याचीही गरज नव्हती. दोन्ही दृश्ये एकाच जागी होती. तरीही मन त्यांतले एकच घेत होते.

वैमानिकांच्या बाबतीत या गोष्टीला जीवनमरणाचे महत्त्व येते. विमानाच्या समोरच्या काचेवरच वेग, उंची इत्यादी आकडे प्रकाशाने उमटविण्याची एक योजना आहे. त्यामुळे यंत्रे पाहण्यासाठी मान खाली घालावी लागत नाही. १९८० मध्ये अमेरिकेच्या अंतराळ संस्थेच्या संशोधकांनी कृत्रिम विमानकक्षात या योजनेची परीक्षा घेतली. विमान उतरविताना धावपट्टीवर अचानक दुसरे विमान आडवे आलेले दाखविले. अनुभवी वैमानिकांपैकी काहींना ते दिसलेच नाही. ते त्यांच्या नजरेच्या रेषेत होते. पण त्यांचे मन काचेवरील आकड्यांत गुंतलेले होते. जवळ आणणे आणि ध्यानात येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

याच क्षेत्रात मांडणीचे शास्त्रही जन्मास आले. पॉल फिट्स व त्याच्या सहकाऱ्यांनी विमान उतरवीत असलेल्या वैमानिकांच्या डोळ्यांचे चित्रीकरण करून १९५० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नजर कोणत्या यंत्रावर किती वेळा जाते, तेथे किती काळ थांबते आणि तेथून कोणत्या यंत्राकडे वळते, हे त्यांनी मोजले. ज्या दोन यंत्रांमध्ये नजरेची ये-जा अधिक, ती शेजारी असावीत. जे सर्वांत अधिक पाहिले जाते ते मध्यभागी असावे, हा त्यातून निघालेला नियम. दोन पडद्यांचे मेज मांडताना याहून उत्तम नियम सापडणे कठीण आहे.

कचेरीतील दुसरा पडदा

दोन पडदे मिळालेली माणसे त्यांचे काय करतात, याची पाहणी जोनाथन ग्रुडिन याने २००१ मध्ये प्रसिद्ध केली. त्याने अशा अठरा जणांचे काम त्यांच्या जागी जाऊन पाहिले. अपेक्षा अशी असेल की दुप्पट जागा मिळाल्यावर माणसे मोठमोठी पाने दोन्ही पडद्यांवर पसरतील. तसे क्वचितच घडत होते. बहुतेकांनी एक पडदा मुख्य कामासाठी राखला होता आणि दुसरा पूरक साहित्यासाठी: मूळ मजकूर, संदर्भ, पत्रे, वेळापत्रक. दोन पडद्यांमधील चौकटीची उभी पट्टी अडथळा वाटेल. पण ती उंबरठ्याचे काम करीत होती. अलीकडचे काम ओसरीवर, पलीकडचे माजघरात. कोणती वस्तू कोठे मिळेल हे हाताला व डोळ्याला पाठ होते, आणि शोधण्याचा प्रश्नच उरत नाही.

या दुसऱ्या पडद्यामुळे काम नेमके किती वाढते? अमेरिकेतील युटा विद्यापीठात २००३ मध्ये १०८ व्यक्तींवर एक प्रयोग झाला. मजकूर, तक्ते व चित्रफलक यांचे संपादन करण्याची कामे त्यांना एका व अनेक पडद्यांवर दिली गेली. अनेक पडद्यांवर काम सुमारे दहा टक्के अधिक झाले आणि चुका एक-तृतीयांशाने घटल्या. हे आकडे विक्रेत्यांच्या जाहिरातींत पुष्कळ मिरविले गेले आहेत. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हा प्रयोग पडदे व चित्रपत्रे बनविणाऱ्या कंपन्यांच्या पाठबळावर झाला होता. आणि त्यातील कामे निरनिराळ्या ठिकाणचे साहित्य एकत्र आणावयाची, म्हणजे दुसऱ्या पडद्याला अनुकूल अशीच होती. भाषांतरकार, मुद्रिते तपासणारा, हिशेबनीस, आज्ञावली लिहून तिचा परिणाम पाहणारा, यांना लाभ होणारच. एकच निबंध सलग लिहिणाऱ्याला तो व्हावा असे काही कारण दिसत नाही. चुकांतील घट ही कामाच्या वाढीहून मोठी आहे, हे मात्र स्मृतीविषयी वर जे सांगितले त्याच्याशी सुसंगत आहे.

दुसऱ्या पडद्याचा तोटा दृष्टीच्या कडेशी आहे. कडेच्या दृष्टीला अक्षरे ओळखता येत नाहीत, पण हालचाल व अचानक उगवलेली वस्तू ती तत्काळ हेरते. रानात राहणाऱ्या मनुष्याला याचा उपयोग होता. कचेरीत मात्र बाजूच्या पडद्यावर नव्या संदेशाची चौकट उगवली की नजर तिकडे ओढली जाते, आणि जर्सिल्डच्या तिसऱ्या यादीचा खर्च भरावा लागतो. बाजूचा पडदा चालू कामाचे साहित्य दाखवीत असेल तर तो उघडी वही आहे. दुसऱ्याच कामाचे दाखवीत असेल तर तो दारात उभा राहून हाका मारणारा मनुष्य आहे.

एक बारीकसा तोटा असाही आहे की, जो पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. फिट्सनेच १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, लक्ष्य जितके दूर व जितके लहान तितका त्यावर हात नेण्यास वेळ अधिक. एकाच पडद्यावर कडेची बटणे या नियमातून सुटतात, कारण माऊस कितीही जोराने ढकलला तरी बाण पडद्याच्या कडेशी अडतो. शेजारी दुसरा पडदा आला की ती कड नाहीशी होते. डाव्या पडद्याच्या उजव्या कडेवरील पट्टी पकडावयास गेलेला बाण सरळ शेजारच्या पडद्यात शिरतो, आणि वापरणाऱ्याला आपला हात बिघडल्यासारखे वाटते.

मेजावरील भूमिती

चोवीस इंची पडद्याची रुंदी सुमारे ५३ सेंटिमीटर असते. तो ६० सेंटिमीटरांवर ठेवला तर डोळ्यापाशी सुमारे ४८ अंशांचा कोन व्यापतो. मुख्य पडदा समोर ठेवून दुसरा त्याच्याच रेषेत उजवीकडे सपाट ठेवला, तर दुसऱ्याचा मध्य नजरेच्या सरळ रेषेपासून सुमारे ४१ अंश बाजूला जातो आणि डोळ्यापासून त्याचे अंतर ८० सेंटिमीटर होते. तेथील अक्षरांची उंची तीनचतुर्थांश भासते. तिरपे पाहिल्यामुळे रुंदी तर निम्म्याहून थोडीच अधिक राहते. शिवाय प्रत्येक झेपेला डोळ्यातील भिंगाला नवे अंतर साधावे लागते. दुसरा पडदा आतल्या बाजूस वळवून त्याचाही मध्य ६० सेंटिमीटरांवर आणला, तर मान थोडी अधिक वळते, परंतु अक्षरे पूर्ववत होतात व भिंगाची ओढाताण थांबते.

दोन्ही पडदे सारखेच वापरावयाचे असतील तर मधली पट्टी नाकासमोर यावी; एकच मुख्य असेल तर तोच नाकासमोर यावा. मुख्य पडदा बाजूला आणि दोघांमधील पट्टी समोर ठेवून दिवसभर मान वळवून बसणारी माणसे संध्याकाळी मान चोळताना दिसतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस किंवा किंचित खाली असावी. द्विनाभीय चष्मा लावणाऱ्यांसाठी ती आणखी खाली हवी. कारण चष्म्याच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी त्यांना हनुवटी वर उचलावी लागते. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. अधूनमधून दूर, खिडकीबाहेर पाहावे.

पुष्कळ शाळांत व ग्रंथालयांत एकेका संगणकाला एकच पडदा असतो. त्यांच्यासाठी १९८६ मध्ये ऑस्टिन हेंडरसन व स्टुअर्ट कार्ड यांनी केलेला विचार उपयोगाचा आहे. त्यांनी असे पाहिले की, लहान पडद्यावर अनेक खिडक्या उघडणाऱ्याची स्थिती तोकड्या स्मृतीच्या संगणकासारखी होते: काम थोडे, काढघाल फार. यावर त्यांनी पडद्याला अनेक ‘खोल्या’ कल्पिल्या. प्रत्येक खोलीत एका कामाच्या खिडक्या मांडून ठेवावयाच्या आणि काम बदलताना सर्व मांडणीच एकदम बदलावयाची. अनेक पडद्यांचा हा आभास पुढे बहुतेक संगणकांत आला. त्याहूनही सोपे म्हणजे एकाच पडद्याचे उभे दोन भाग करून एकात मूळ व दुसऱ्यात नक्कल ठेवणे. कागदाची वही पडद्याच्या शेजारी उभी करून ठेवणे हाही दुसरा पडदाच होय.

वर्गात एक प्रयोग सहज करून पाहता येईल. कागदावर आठ अंकी दहा संख्या लिहाव्यात आणि विद्यार्थ्याने त्या वहीत उतरवून काढाव्यात. प्रथम कागद वहीशेजारी ठेवावा. मग निराळ्या दहा संख्यांचा कागद त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर लावावा. दुसऱ्या विद्यार्थ्याने लागलेला वेळ, कागदाकडे किती वेळा पाहिले, आणि किती अंक चुकले, हे तीन आकडे दोन्ही वेळा टिपावेत. तिसऱ्या वेळी कागद पुन्हा वहीशेजारी ठेवून दर अर्ध्या मिनिटाला विद्यार्थ्याला त्याच्या गावाविषयी एखादा प्रश्न विचारावा आणि तेच तीन आकडे पुन्हा टिपावेत.